बोटभर वाढतं

आळेफाटा
२ ऑक्टोबर २०२४

कुशाबा मामा, रामराम घ्या.

तुमच्या आंबडवाडीला रेंज कधी येणार ते देवालाच ठाऊक, म्हणून परत कागद-पेन घेऊन बसलोय. हे पत्र घोडेगाव स्टँडवर बाळासाहेब कंडक्टरच्या हातात देतोय. तुमचं उत्तरही त्यांच्याकडेच द्या, ते बरोबर पोचवतात.

आता कामाचं. दिवाळी झाली की आपला ग्रुप वांदरनाळेचा मोठा ट्रेक काढतोय. पहाटे तुमच्या वाडीतून निघायचं, पठार ओलांडून नाळेच्या उभ्या घळीतून कोकणात उतरायचं आणि दुसऱ्या घाटाने दिवस मावळायच्या आत पुन्हा वर. तेरा-चौदा तासांची तंगडतोड. पुण्याची पंचवीस माणसं आत्ताच नाव देऊन बसलीत. तुमचे गुडघे आता कुरकुर करतात हे मला माहीत आहे, म्हणून यंदा तुमच्या मोहितला लीडर करायचं ठरवलंय. नुसता वाटाड्या नाही, लीडर. शिट्टी, टी-शर्ट, यादीत नाव, सगळं. पोरगं चाकणच्या कंपनीत जातो म्हणतंय आणि तुम्हाला ते डोंगरातच राहायला पाहिजे. मग घ्या, राहू द्या डोंगरात.

अडचण एकच आहे, त्याचे पाय. रागावू नका मामा. मागच्या खेपेला एका मॅडमनी त्याच्या पायांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. फताडी बोटं, टाचेला भेगा, अंगठा तुटून तारेने बांधलेली चप्पल. चाळीस जणांनी खाली हसण्याचे चेहरे टाकले. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. पण लीडरचा असा फोटो फिरला तर माणसं दुसऱ्या ग्रुपला जातात. तेव्हा बूट पाहिजेत. घोट्याच्या वर येणारे, जाड सोलचे. ते माझ्याकडून, भेट म्हणून. जुन्नरचा एक पोरगा बूट बांधून तयारच बसलाय, पण तुमच्या घरचं मीठ खाल्लंय, म्हणून आधी तुम्हाला विचारतो.

मोहितच्या पायाचं माप पाठवा. त्याला मात्र कळू देऊ नका. खोकं उघडल्यावर त्याचं तोंड कसं होतं ते तुम्ही बघा आणि मला कळवा.

तुमचा,
सूरज

*

आंबडवाडी
९ ऑक्टोबर २०२४

सूरजभाऊ,

पत्र पावलं. तुमी हसला ते वाचून मला काय वाटायचं ते वाटलं. बारा वरसांमागं तुमी पहिल्यांदा नाळंत आला व्हता, पायात हे एवढालं लाल बूट. मधल्या कातळावर तुमी बसला आन रडाया लागला. मी बूट काढाया लावलं, तुमचा एकेक पाय हातात धरून खोबणीत ठिवला, तवा तुमी खाली आला. तवा आमी कुनी तुमचा फोटू काढला न्हाई.

आसू द्या. पोराचं भलं हुतंय तर मी दोन शब्द गिळीन. घरवालीला, गोजरला सांगितलं तर ती म्हणली, मोहितला चाकणला जाऊ देऊ नका, लेक रुपाली नांदाया गेल्यापास्नं घर खायला उठतं. म्हणून तुमचं म्हणणं कबूल.

माप पाठवलंय. मोहित भात कापून दमला व्हता, दुपारी जेवून ओटीवर पालथा पडला. कारवीची काडी टाचंपास्नं अंगठ्यापातूर धरली आन कापली. गोजर तोंडाला पदर लावून हसत व्हती. काडी कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधलीया, मोडू देऊ नका. आमच्यात धरत्यात तसंच माप धरलंय, काळजी नसावी.

एक मातर ऐका. मधला कातळ बूट काढूनच उतरावा. त्या खोबण्या आमच्या पणज्यांनी उघड्या अंगठ्याच्या मापानं पाडल्यात, बुटाचं टोक त्यात शिरत न्हाई. तेवढी पन्नास पावलं मोहितला बूट काढू द्या. बूट गळ्यात अडकवून उतरंल आन खाली गेल्यावर परत घालंल.

तुमच्या वडलांची, रखमाजी तात्यांची तब्येत गावाकडं पेठेला बरी हाये ना? त्यांना माझा रामराम सांगा.

कुशाबा

*

आळेफाटा
२४ ऑक्टोबर २०२४

कुशाबा मामा,

खोक्यात बूट आहेत. आधी मोहितला द्या, मग पत्र वाचा. माल एक नंबर आहे. पाणी आत जात नाही, सोल कातळाला धरून राहतो, घोटा मुरगळत नाही. चोवीस नोव्हेंबरला रविवारी ट्रेक आहे. आधी आठ-दहा दिवस घालून हिंडायला सांगा, म्हणजे चावणार नाहीत.

कातळाचं म्हणाल तर तिथेही बूट काढायचे नाहीत. मामा, माणसं लीडरकडे बघून सगळं करतात. त्याने काढले तर मागचे पंचवीस काढतील, मग कुणाला काटा, कुणाला भेग, आणि अख्खा दिवस माझ्या डोक्याला ताप. शिवाय नाळेतच सगळ्यात भारी फोटो येतात. बुटाचं टोक लावून उतरता येतं, सवयीचा भाग आहे. बारा वर्षांपूर्वीचं माझं रडणं तुम्ही किती दिवस पुरवून खाणार? पान उलटा.

काडीची गंमत तर राहिलीच. पुण्यातल्या दुकानात ती बाहेर काढली तर दुकानदार पोट धरून हसला. त्याने मालकिणीला हाक मारून दाखवली. मग पायपट्टीवर ठेवली, आठ नंबर भरली. पण आमच्या पेठेला तात्या बाजारातून वहाणा आणायचे तेव्हा घेणाऱ्याने काडीवर बोटभर वाढतं धरायचं अशी रीत होती, नाहीतर पाय कोंबावा लागतो. तसंच मीही बोटभर वाढतं धरून नऊ नंबर घेतला. भातवाल्यांचे पाय, जागा लागणारच. आता बसले की नाही ते कळवा.

सूरज

*

आंबडवाडी
१२ नोव्हेंबर २०२४

सूरजभाऊ,

बूट पावलं. लई झ्याक बसलं.

मोहितनं खोकं उघडलं. बूट मांडीवर घेऊन बसला. मंग तुमचं पत्र मोठ्यानं वाचाया घेतलं, पर अर्ध्यात सोडून बूट घालून बाहेर पळाला. सगळ्या वाडीत हिंडून आला. माझा पुतण्या भागू त्याच्या मागं मागं, मला एकडाव घालू दे म्हणत व्हता. मोहितनं दिलं न्हाई. गोजरनं बुटांना हळद-कुकू लावलं, आता ते डाग पुसत न्हाईत, त्याची माफी करा.

आता रोज घालून पठारावर जातो. थंडीमुळं दोन जोड मोजे घालतो. चाकणचं नाव तोंडातनं गेलं, हे तुमचं उपकार हायेत. बाळासाहेबाकडं घरच्या तांदळाची पिशवी धाडलीया. आरतीवहिनींना म्हणावं, पाणी कमी घाला, नवा तांदूळ हाये.

कातळाचं तुमी लिवलं ते मोहितनं वाचून दाखवलं. तुमचा ग्रुप, तुमची रीत. पर तुमी सोता त्याच्यापाशी ऱ्हावा, एवढं करा.

कुशाबा

*

आळेफाटा
१० डिसेंबर २०२४

कुशाबा मामा,

पंधरा दिवस रोज पत्र लिहायला घेतोय आणि फाडतोय. दहाव्याला येता आलं नाही. पोलिसांनी दोनदा बोलावलं, जबाब झाले, त्यात आरतीला ताप. तुम्ही समजून घ्याल.

तुम्हाला सगळं सांगणं माझं कर्तव्य आहे. सकाळी सगळं ठीक होतं. मोहित पुढे, शिट्टी वाजवत, खुशीत. नाळेच्या मधल्या कातळावर तो पहिला उतरायला लागला. मी त्याला म्हणालो, जपून. तिसऱ्या की चौथ्या खोबणीत त्याचा पाय फिरला आणि तो गेला. मामा, एका क्षणाचं काम होतं. कुणालाच काही करता आलं नाही. मी सगळ्यांच्या आधी खाली धावलो. श्वास चालू होता. मी त्याला माझ्या खांद्यावर घेतलं आणि पायथ्याच्या गावापर्यंत उतरवलं, वाटेत कुणाच्या हातात दिलं नाही. पण दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं. गोजर मामींना हे सांगा. तो एकटा नव्हता एवढं तरी त्यांना कळू दे.

आता एक विनंती आहे, वाईट वाटून घेऊ नका. लोक काहीबाही बोलतात. बुटांमुळे झालं, बूट मोठे होते, असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलंय. तुमचं १२ नोव्हेंबरचं पत्र माझ्याकडे आहे, त्यात तुम्ही स्वतः लिहिलंय की बूट झकास बसले. ते मी पोलिसांना दाखवलं. तुमची हरकत नसेल असं धरून चाललो.

तुमच्या दुःखात सहभागी,
सूरज

*

आंबडवाडी
२० डिसेंबर २०२४

सूरजभाऊ,

दवाखान्यातनं त्याची कापडं आन बूट एका पिशवीत दिलं व्हतं. ती पिशवी पंचवीस दिस कुनी उघडली न्हाई. काल मी उघडली. दोन्ही बुटांच्या टोकात फडकं हाये. माझ्या जुन्या धोतराचं. मीच कोंबलं व्हतं.

आता तुमाला खरं सांगतो. बूट झ्याक बसलं हे मी खोटं लिवलं. पहिल्या दिवशीच टाच आत वर-खाली हुत व्हती. मोहित म्हणला, बदलाया परत पाठवलं तर सूरजदादा जुन्नरच्या पोराला घेईल. आन मला वाटलं, कुनी हौसंनं दिलेल्या वस्तूत खोट काढू नये. म्हणून फडकं कोंबलं, दोन मोजे घातले आन तुमाला झ्याक म्हणून लिवलं. त्या लिवण्याला काय म्हणावं ते मला समजत न्हाई.

आन दुसरं. आमच्यात जो माप घेतो त्यानंच काडीवर बोटभर वाढतं धरायचं असतं. उन्हात पाय फुगतो, म्हणून. माझ्या बानं धरलं, मी धरलं. ते काय कुनी कुनाला सांगत न्हाई, सगळ्यांना ठाव असतं. म्हणून मी तुमाला लिवलं न्हाई. आता रातंदिस तेच डोक्यात फिरतंय.

तर तुमी मला एकच सांगा. दुकानात काडी लावली तवा तुमी वर आनिक काय वाढवलं का? वाढवलं असंल तरी मी तुमाला शबूद बोलणार न्हाई, रीतच ती. नसंल वाढवलं तर मंग पोरगं माझ्याच बोटानं गेलं. तसं असंल तर तसं सांगा. मी सोशीन. पर मला ठाव पायजे.

कुशाबा

*

आळेफाटा
२८ डिसेंबर २०२४

कुशाबा मामा,

तुम्ही खरं विचारलंत म्हणून मनावर दगड ठेवून खरं सांगतो. मी काडी जशी होती तशी लावली. दुकानदाराने मोजली, त्याच नंबरचे बूट दिले. मी वर केसभरही वाढवलं नाही. मला तर अशी काही रीत असते हेच आज तुमच्या पत्रातून कळलं. तुम्ही तेव्हाच दोन शब्द लिहिले असते, की बोटभर जास्त आहे, तर मी तेवढं कमी करून घेतलं असतं. बूट सैल आहेत असं लिहिलं असतं तरी दोन दिवसांत बदलून आणले असते. पण जाऊ द्या. होणारं होऊन गेलं. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं? बापाच्या मायेनं केलं. मनाला लावून घेऊ नका.

सोबत एक टाइप केलेला कागद आहे. त्यात इतकंच आहे की माप घरच्यांनी दिलं, बूट बसल्याचं घरच्यांनी लेखी कळवलं आणि ग्रुपबद्दल तुमची काही तक्रार नाही. खाली तुमची सही आणि मामींचा अंगठा. जंगलवाल्यांची परवानगी त्यावाचून अडली आहे, आणि परवानगी नसेल तर तुमच्याच वाडीतल्या पोरांचं काम बंद होईल. बाळासाहेबांकडे लवकर परत पाठवा.

स्वतःला जपा.
सूरज

*

आंबडवाडी
१४ जानेवारी २०२५

सूरजभाऊ,

कागदावर सही केलीया. गोजरचा अंगठा घेतलाय. तिनं इचारलं, कशाचा कागद? तवा मला सांगावं लागलं.

ती भाकरी थापत व्हती. मी सगळं सांगितलं, काडी, बोट, फडकं, खोटं पत्र. तिचा हात थांबला न्हाई. टोपलीत सात भाकरी झाल्या, मंग तिनं हात धुतला. म्हणली, "ज्या हातानं माप घेतलंस त्यो हात माझ्या चुलीला लावू नगंस." तवापास्नं ती मला वाढत न्हाई. माझं ताट उंबऱ्यापाशी पालथं असतं. ती रानात गेली की मी आपल्या हातानं घेतो. एकतीस वरसांत मी कधी आपल्या हातानं घेतलं नव्हतं, किती घ्यायचं तेबी कळत न्हाई.

सगळ्या आळीत ती शिव्या घालती. पाण्यावर, वाटंवर, कुनी भेटंल त्याच्यापुढं. शेजारच्या सारजाबाईनं समजावलं तर तिलाबी वाजवलं. मी खाली मान घालून ऐकतो. तिचं बरुबर हाये.

तुमचं मातर ती लई नाव काढती. म्हणती, बापानं घालवला आन परक्यानं खांद्यावर घेतला. तुमी खरं सांगितलं, कुनी सांगितलं नसतं. त्याबद्दल तुमचं आभार मानतो.

कुशाबा

*

आळेफाटा
१८ फेब्रुवारी २०२५

कुशाबा मामा,

कागद मिळाला, परवानगीही मिळाली. जानेवारीपासून ट्रेक पुन्हा जोरात सुरू आहेत. वांदरनाळेला तर आधीपेक्षा जास्त गर्दी, लोकांचं डोकंच वेगळं असतं. भागूला लीडर केलंय, तो तुम्हाला बोलला असेलच. चांगला तयार होतोय, सांगितलेलं ऐकतो. मामींचं वाचून वाईट वाटलं. बायकांचं असंच असतं, वेळ गेला की निवळेल.

एक छोटं काम होतं. वकील म्हणाले, प्रकरण कायमचं मिटवायचं तर दोन्हीकडचे कागद एका ठिकाणी पाहिजेत. तर माझी तुमच्याकडे असतील ती सगळी पत्रं बाळासाहेबांकडे द्या. मुख्य म्हणजे २४ ऑक्टोबरचं, बुटांच्या खोक्यातलं. ते दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आहे, तेव्हा जपून, फाटू देऊ नका. तुमचे डोळे अधू झालेत, वाचत बसू नका, तसंच घडी करून पाठवा.

काम झालं की उन्हाळ्यात एकदा येऊन जाईन म्हणतो.

सूरज

*

आंबडवाडी
२ मार्च २०२५

सूरजभाऊ,

तुमी मागितली ती पत्रं सगळी पाठवतोय. मोजून घ्या. २४ ऑक्टोबरचंबी त्यात हाये.

ते पत्र खोक्यातच पडलं व्हतं, बुटांभवतीच्या पातळ कागदांत. मोहितनं पुढली बाजू वाचली व्हती, पान कुनी उलटलंच न्हाई. तुमी लिवलं नसतं की दोन्ही बाजूंनी हाये, तर मी तसंच घडी करून धाडलं असतं. मंग म्हणलं, दुसऱ्या बाजूला काय हाये बगावं तरी. डोळं अधू हायेत, पर उन्हात धरलं की दिसतं. एकेक अक्षर लावून वाचलं. मंग परत वाचलं.

तर तुमच्या पेठंला घेणारा धरतो आन आमच्यात मापणारा धरतो. तुमचं एक बोट, माझं एक बोट. पोराचा पाय सात नंबराचा, काडी आठावर भरली आन तुमी नऊ आणलं. ह्यात तुमचा गुन्हा न्हाई सूरजभाऊ. रीत पाळली तुमी, मीबी पाळली. तुमी तेवढंच मला डिसेंबरात लिवलं असतं तर आपण दोघं एका जागी बसून रडलो असतो. मी तुमाला इचारलं व्हतं. मी लिवलं व्हतं, शबूद बोलणार न्हाई. आन तुमी मला लिवलं, केसभर वाढवलं न्हाई, मनाला लावून घेऊ नका.

मंग मी भागूला ओटीवर बसवला, त्या दिवशी तोबी मोहितसंगं नाळंत व्हता. तुमचा टी-शर्ट अंगात व्हता त्याच्या. त्याला म्हणलं, तुझं काम मी घालवत न्हाई, तुझ्या चुलत्याला खरं सांग. तो सांगत न्हवता. मंग रडला आन सांगितलं. मोहित कातळाच्या तोंडाशी बसला व्हता. बुटाच्या नाड्या सोडाया लागला व्हता, एका पायाची सोडलीबी व्हती. तुमी मोबाईल धरून समोर हुबं. तुमी म्हणला, "राहू दे रे, फोटो चाललेत." त्यानं नाडी परत बांधली. गडबडीत बांधली. जपून असं तुमी म्हणल्याचं भागूला काय आठवत न्हाई.

आन खांद्याचं. खांद्यावर भागूनं घेतला, मंग वाडीतल्या धर्माजीच्या पोरानं, मंग परत भागूनं. तुमी पुढं निघून गेला, रेंज बगाया. पोरं पायथ्याला पोचली तवा तुमी गाडीत बसला व्हता. भागूच्या अंगावरचं रगत मला त्या दिवशी दिसलं व्हतं, पर माझ्या डोक्यात काय शिरत नव्हतं.

आता तुमी म्हणाल, म्हातारा पोलिसात जाणार. न्हाई जाणार. सही माझी हाये, अंगठा गोजरचा हाये, तुमचं टाइप केलेलं सगळं पक्कं हाये. आन गेलो तरी पोरगं काय उठून येत न्हाई.

गोजरला मी हे वाचून दाखवलं न्हाई. चार दिवस इचार केला. पत्र कमरंला खोचून हिंडलो. एकडाव तिच्या पुढ्यात जाऊन बसलोबी व्हतो. मंग मनात आलं, ह्या बाईला शिव्या घालायला एक माणूस लागतो, न्हाईतर ती येडी हुईल. मी घरात हाये. सकाळ-संध्याकाळ तिच्या नजरंपुढं हाये. तुमी आळेफाट्याला. तुमचं नाव सांगितलं तर ती कुनाला शिव्या घालंल, एस्टीला? ते सगळं तिच्या पोटातच सडंल. माझ्यावर तरी तिला ते काढता येतं. म्हणून ते बोट मी माझंच ठिवलंय. दोन्ही बोटं माझीच.

पर तुमाला मी सोडत न्हाई.

गोजरनं एक मनात घेतलंय. दर महिन्याच्या चोवीस तारखंला मोहितच्या नावानं एक पान वाढायचं. वरीस होईपातूर दर महिन्याला, आन म्होरं दर वरसाला. त्या पानावर कुनाला बसवायचं हे तिचं तिनंच ठरवलंय. म्हणती, ज्यानं त्याला खांद्यावर घेतला तोच बसंल. भागूनं तिच्यापुढं तोंड उघडलं न्हाई, मी उघडू दिलं न्हाई. ती तुमची वाट बगतीया. तुमच्यासाठी नवा पाट केलाय. मोहितचं ताट घासून ठिवलंय, त्याच ताटात ती तुमाला वाढणार. तुमच्या पायावर पाणी घालणार, सोता. तुमाला लेकरा म्हणणार. मी उंबऱ्यापाशी बसलेला असंन, आन तुमच्याकडं बगत असंन. तुमी जेवायचं.

तुमाला काय बोलायचं न्हाई. खरं सांगून मोकळं व्हावं असं तुमच्या मनात आलं तरी सांगायचं न्हाई, तेवढी सूट मी तुमाला देत न्हाई. मी सोसतोय, तुमीबी सोसा. ती जिती हाये तवर.

न्हाई आला, काय तरी निमित्त काढलं, आरतीवहिनींना ताप आला, पोलिसांनी बोलावलं, तर मी तुमचं पत्र तिच्यापुढं वाचीन, दोन्ही बाजू. खरं पत्र तुमचं, ते तुमाला परत केलंय. त्याची झेरॉक्स मी घोडेगावला काढून आणलीया, दोन. एक माझ्यापाशी, एक रुपालीकडं पाकिटात बंद. तिला म्हणलंय, तुझी आई गेली की जाळून टाक.

चोवीस मार्चला सोमवार हाये. सकाळची गाडी घोडेगावातनं साडेनवाला सुटती, बाळासाहेब तुमची जागा धरून ठिवंल. घरनं काय खाऊन निघू नका. गोजर लई वाढती, आन ताटात टाकलेलं तिला चालत न्हाई.

कुशाबा